शरण हात

शनिवार पेठ, पुणे
३ ऑगस्ट २०२५

चि. दिग्विजय,

आशीर्वाद आहेत, पण तूर्तास राखून ठेवले आहेत. तू सध्या कुठल्या पायरीवर आहेस आणि त्या पायरीवरच्या माणसाला आत्याचे आशीर्वाद चालतात की नाही, हे मला ठाऊक नाही.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. खराडीतली नोकरी सोडली, फोन कुणा 'थोरल्या ढाली'कडे जमा केला आणि नदीकाठच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये राहायला गेलास, एवढं सगळं तू सात ओळींत उरकलंस. त्या शेडमध्ये आधी कोंबड्या राहायच्या. त्यांना निदान शपथ घ्यावी लागत नव्हती.

थोरली ढाल म्हणजे कोण, ते मी चौकशी करून काढलं. रंगराव. यांचं गाव महापालिकेत आलं, शेतांवर टॉवर उभे राहिले, आणि या गृहस्थांनी भोसरीच्या एका वर्कशॉपमधून चिलखतं करून घेऊन 'अभयव्रत' नावाचा शिलेदारांचा पंथ काढला. पंथ चारशे वर्षांचा आहे असं ते सांगतात म्हणे. चिलखतांचा रंग वाळला का, तेवढं बघून कळव.

मी शिवाजीनगर कोर्टात आयुष्यभर स्टेनो होते. शपथा ऐकल्या आणि टाइप केल्या. शपथ घेतली की माणूस खरं बोलतो, हा समज मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सोडावा लागला. तेव्हा शपथेचं कौतुक मला सांगू नकोस.

तुमचा एक नियम मात्र मला पसंत पडला. आलेल्या प्रत्येक पत्राला स्वहस्ते उत्तर द्यायचं, आणि ज्याचं उत्तर बाकी असेल त्याचा कमरपट्टा बांधायचा नाही, म्हणजे त्याला रिंगणात उतरता येत नाही. कॉलेजची चार वर्षं तू माझ्याकडे राहिलास आणि माझ्या एका मेसेजला कधी वेळेवर उत्तर दिलं नाहीस. आता बघते कसा देत नाहीस ते.

कोल्हापूरला तुझ्या आईला मी अजून काही कळवलेलं नाही. किती दिवस कळवू नये, ते सांग. आणि हे सगळं कशासाठी, तेही सांग.

आत्या


ढालघर
९ ऑगस्ट २०२५

आत्या,

'तीर्थरूप' लिहिणार होतो, पण मग तू म्हणशील की सोंग पुरे.

आईला दसऱ्यापर्यंत काही सांगू नकोस, प्लीज. तोवर मी काहीतरी झालेलो असेन.

तू हसणार हे माहीत होतं. तरी सांगतो. आमच्यात चार पायऱ्या आहेत. पहिली पायकाची. पायकाने स्वयंपाक करायचा, झाडलोट करायची, दुसऱ्यांच्या चिलखतांना तेल लावायचं. मग ढालकरी. त्याला फक्त ढाल मिळते, हत्यार नाही. नुसते वार घ्यायला शिकायचं. मी आता तिथे आहे. परीक्षेच्या दिवशी ढालकऱ्याच्या हातात पहिल्यांदा बोथट तलवार देतात आणि दोघांना समोरासमोर उभं करतात. जिंकेल तो पट्टेकरी. आणि सगळ्यात वर अभय. अभय व्हायला धारेची लढत द्यावी लागते. म्हणजे खऱ्या धारेची.

रिंगणात पंच नसतो. ज्याला थांबायचं असेल त्याने तलवार टाकून उजवा हात उघडा वर करायचा. त्याला आम्ही शरण हात म्हणतो. शरण हात दिसल्यावरही वार करणाऱ्याला कायमचं हाकलतात. आणि शरण हात नसताना दया येऊन वार रोखणाऱ्यालाही हाकलतात. हा दुसरा गुन्हा जास्त मोठा समजतात, कारण तुम्ही समोरच्याला न विचारता भित्रा ठरवलंत.

कशासाठी, असं विचारलंस. ऑफिसात तीन वर्षं मला कुणी एक खरी गोष्ट सांगितली नाही. अप्रेझलला सगळं गुड, गुड, आणि पुढच्या महिन्यात प्रोजेक्टमधून नाव गायब. कुणाचा राग आहे, कुणाची मर्जी आहे, काही कळायचं नाही. इथे मी कुठे उभा आहे हे मला रोज माहीत असतं. शेडच्या दारातून आमच्या ऑफिसची काचेची बिल्डिंग दिसते. सकाळी तिच्यावर ऊन येतं तेव्हा मी वार घेत असतो आणि मला बरं वाटतं.

सलिलही इथे आहे. आपला यवतमाळचा, रविवारी तुझ्याकडे थालीपीठं खायला यायचा तो. मी आलो म्हणून तो आला. परीक्षेत आम्हीच एकमेकांसमोर आहोत.

तुझा,
दिग्विजय


शनिवार पेठ, पुणे
१४ ऑगस्ट २०२५

चि. दिग्विजय,

पत्र दोनदा वाचलं. हसू आलं नाही, हे प्रामाणिकपणे कळवते.

सलिलला त्याच्या घरच्यांनी नोकरीसाठी पुण्याला पाठवलं आहे. तो तुझ्यामागून तिथे आला हे तू एका वाक्यात लिहून मोकळा झालास. मला त्या वाक्यापाशी थांबावं लागलं.

एक शंका आहे. कोर्टात बसून बसून लागलेली खोड समज. उजवा हात वर केला की थांबायचं, हे कळलं. पण मार उजव्या हातालाच लागला आणि तो वर होईना, तर त्या माणसाने काय करायचं? लेखी अर्ज द्यायचा? हे तुमच्या थोरल्या ढालीला विचारून मला सांग. थट्टेने लिहिलं असलं तरी उत्तर खरं हवं आहे.

गणपतीला घरी ये. मोदक पट्टा न बांधताही खाता येतात.

आत्या


ढालघर
२७ ऑगस्ट २०२५

आत्या,

गणपतीला येता येणार नाही. उशीर झाला, माफ कर.

मी पट्टेकरी झालो. परीक्षा परवा झाली. ढालकऱ्याला पट्टा नसतो, म्हणून तुझं उत्तर बाकी असलेलं चाललं; पट्टा हे पत्र टाकल्यावर बांधतील.

सलिलला लागलं आहे. हॉस्पिटलमध्ये नेलं, सगळी व्यवस्था रंगरावांनी केली आहे. रिंगणातलं रिंगणात ठेवायचं अशी शपथ असते, त्यामुळे जास्त लिहीत नाही. काळजीचं काही नाही.

दसऱ्याला माझी धारेची लढत आहे. इतक्या लवकर कुणाला मिळत नाही. समोर नम्रता असेल. ती आमच्यात सगळ्यात चपळ आहे.

तू मोदक माझ्या वाटचे ठेवू नकोस.

दिग्विजय


शनिवार पेठ, पुणे
४ सप्टेंबर २०२५

दिग्विजय,

माझ्या शंकेला तू उत्तर दिलं नाहीस. बाकी सगळ्याला दिलंस, तेवढी एक गाळलीस. मी ते लक्षात ठेवलं आणि सलिलला शोधायला निघाले.

हडपसरच्या बाजूला एका हॉस्पिटलमध्ये सापडला. वॉर्डात दारापाशी पलंग, शेजारी कुणी नाही. मला बघून उठायला गेला आणि उठता आलं नाही. उजवं कोपर मोडलं आहे, त्यात प्लेट घातली आहे. पण खरी अडचण ती नाही. त्या हाताची बोटं हलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हाडाला नुसती चीर गेली असती तर जुळली असती. त्याच जागी पुन्हा मार बसला आणि नस गेली. बोटं परत चालतील का, ते आत्ता कुणी सांगू शकत नाही. दिवसभर कीबोर्ड बडवून पोट भरणारा मुलगा आहे तो.

मला म्हणाला, "आत्या, गाडी घसरली. घरी बी तेच सांगितलं. दिग्विजयले काही नका सांगू." गाडीवरून पडलेल्या माणसाचे तळहात सोलवटतात. असे तळहात मी साक्षीदारांच्या पिंजऱ्यात पुष्कळ पाहिले आहेत. सलिलचे तळहात स्वच्छ आहेत. आणि गाडी घसरून एकाच जागी दोनदा मार कसा बसतो, हेही मला कुणी सांगत नाही.

तेव्हा मला काय वाटतं ते सरळ लिहिते. त्या रंगरावांनी आणि त्यांच्या माणसांनी या पोराला धरून मारलं आहे. तू पाहिलं आहेस आणि शपथेमुळे गप्प आहेस. आणि दसऱ्याला धारेची तलवार देऊन ते तुझीही तीच गत करणार आहेत. मला भीती वाटते, दिग्विजय. रात्री झोप लागत नाही. तू आहेस तसा निघून ये, कपडेसुद्धा आणू नकोस.

सलिल तक्रार द्यायला तयार नाही, म्हणून पोलिसांकडे गेले नाही. रंगरावांना मात्र वेगळं पत्र टाकलं आहे. त्यांना विचारलं आहे की या मुलाचा हात कुणी मोडला. नियम त्यांनाही असेलच.

आत्या


ढालघर
११ सप्टेंबर २०२५

प्रेमलाताईंना रंगरावचा नमस्कार.

तुम्ही विचारलंत, म्हणून उत्तर देतो. प्रत्येक पत्राला उत्तर हा नियम मीच केला, तेव्हा तो मला आधी. आणि खोटं लिहायचं नाही हाही.

तुमचं पत्र वाचून राग आला नाही. तुमच्या जागी मी असतो तर काठी घेऊन आलो असतो. पण तुमचा समज चुकला आहे. सलिलला कुणी धरून मारलेलं नाही. त्याची लढत तुमच्या भाच्याशी होती. दिग्विजयचा पहिला वार कोपरावर बसला. सलिलच्या हातून तलवार सुटली. त्याने डावा हात वर केला.

डावा हात ढालीचा असतो, ताई. तो वर केला म्हणजे ढाल उचलली, पुढचा वार मागितला, असा आमच्यात अर्थ आहे. पायक असल्यापासून हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं. दिग्विजयने दुसरा वार केला. वाईट झालं, हे मीही म्हणतो. दवाखान्याचं सगळं मी बघतो आहे. पण तुमच्या भाच्याने नियम मोडला नाही, आणि समोर जिवाभावाचा मित्र असताना मोडला नाही. असं मन मी इथे कुणाचं पाहिलं नाही. म्हणून त्याला दसऱ्याची लढत दिली.

हा नियम मी हौसेने केला नाही. जमीन होती तोवर आमच्या गावात कुणाचं पोर कुठं बसतं-उठतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पैसा आला आणि पोरं गाड्या आणि बाटल्या घेऊन सुटली. माझा पोरगा पृथ्वीराज तसाच गेला. त्याला थांब म्हणणारं कुणी नव्हतं आणि त्याला थांबायचं कसं ते येत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, माझ्याकडे येईल त्याला पहिलं थांबायला शिकवायचं. शरण हात त्यातून निघाला. नियम आज याच्यासाठी आणि उद्या त्याच्यासाठी वाकवला, तर तो राहतच नाही.

तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही आणि पळणारही नाही.

रंगराव


शनिवार पेठ, पुणे
१६ सप्टेंबर २०२५

दिग्विजय,

रंगरावांचं उत्तर आलं. मला आता माहीत आहे.

चार दिवस हे पत्र लिहायला घेते आहे आणि ठेवते आहे. तुला कुणीतरी मारेल या भीतीने मी एवढी धावपळ केली. मारणारा तूच असशील, हे एकदाही मनात आलं नाही. इतकी वर्षं कोर्टात बसून मी एवढंच शिकले म्हणायचं.

सलिलला मी घरी आणलं आहे. तुझ्या खोलीत आहे. वरणभात डाव्या हाताने खातो, सांडतो आणि मग माझी माफी मागतो. तुझ्याविषयी एक वाईट शब्द बोलत नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

खरं सांगायचं तर माझा एक बेत होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हातोहात तुला पत्र पोहोचवायचं, म्हणजे उत्तर बाकी राहून तुझा पट्टा बांधला जाणार नाही. तो बेत मी सोडला. मी अडवलं म्हणून तू थांबलास, तर त्यात तुझं असं काय राहिलं? या पत्रालाही मला उत्तर नको. मी तुला मोकळं करते. आता दसऱ्याला त्या नम्रतावर तलवार उचलायची की नाही, हे तुझं तू ठरव. तिलाही घरी कुणी आत्या असेल.

आत्या


ढालघर
२२ सप्टेंबर २०२५

आत्या,

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहितो आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

तुझी शंका मी गाळली होती, कारण ती मी रंगरावांना विचारलीच नव्हती. मला ती विनोदी वाटली होती. इथे सगळ्यांना वाचून दाखवली, सलिललासुद्धा. तो सगळ्यात जास्त हसला होता.

मी नियमाप्रमाणे वागलो. डावा हात शरण हात नसतो. वार रोखला असता तर मला हाकललं असतं, आणि सलिललाही वाटलं असतं की मी त्याला कमी समजलो. हे मी स्वतःला रोज सांगतो. सांगताना पटतं. मग चिलखताला तेल लावायला बसलो की पटेनासं होतं.

तू म्हणशील नियमच चुकीचा आहे, ये निघून. आत्या, मी तसं म्हटलं तर सलिलच्या हाताचं मी काय करू? नियम बरोबर असेल तरच मी बरोबर आहे. नियम चुकीचा असेल तर मी माझ्या मित्राचा हात उगाच मोडला. म्हणून मला दसऱ्याला उतरायलाच हवं. अभय झालो की मग मागचं सगळं काहीतरी होण्यासाठी होतं, असं म्हणता येईल.

नम्रता काल मला म्हणाली, तू हल्ली वार बघून करत नाहीस, डोळे दुसरीकडेच असतात. धार दोन्ही बाजूंना असणार आहे. तिला लागेल की मला, माहीत नाही. मला भीती वाटते आणि ती इथे कुणाला सांगायची सोय नाही.

दिग्विजय


शनिवार पेठ, पुणे
२८ सप्टेंबर २०२५

दिग्विजय,

अक्षर समजून घे. डाव्या हाताने लिहितो आहे, तीन कागद खराब झाले. आत्यांनी लिहून देते म्हटलं, मी नको म्हणालो. पत्र स्वहस्ते असावं लागतं, आठवतं ना.

तुझी पत्रं आत्यांनी मला वाचून दाखवलेली नाहीत आणि मी मागितली नाहीत. नियम काय म्हणतो ते मला माहीत आहे, ते सांगू नको. मी तुझ्याइतकाच पाठ केला होता. हात वर करताना डावा आहे हे माझ्याबी लक्षात आलं होतं. दुसरा उचलत नव्हता.

मला तुले एकच विचारायचं आहे. तो हात तू पाहिला होता का?

सलिल


ढालघर
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

सलिल,

तुझं पत्र मला मंगळवारी मिळालं. तेव्हापासून कागद समोर घेऊन बसतो आहे.

आज सकाळी सगळे रिंगणाभोवती उभे राहिले. शस्त्रांची पूजा झाली, झेंडूच्या माळा झाल्या. नम्रता आणि मी चिलखत घालून समोरासमोर. रंगराव पट्टा घेऊन आले आणि नेहमीसारखं विचारलं, "कुणाचं उत्तर बाकी हाय का?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग लिही की. दोन ओळी लिही, तोवर थांबतो आम्ही."

मी तिथेच ढालीवर कागद ठेवून बसलो. आधी लिहिलं, नियमाप्रमाणे डावा हात शरण हात धरत नाहीत. ते खोडलं, कारण तू नियम विचारला नव्हतास. मग लिहिलं, धुळीत नीट दिसला नाही. तेही खोडलं, कारण धूळ नव्हती, आदल्या दिवशी पाणी मारलं होतं. सगळे वाट बघत होते. मग तिसऱ्यांदा जे लिहिलं ते असं.

पाहिला होता. डावा आहे हेही पाहिलं, आणि तू थांब म्हणतो आहेस हेही मला कळलं. माझी तलवार वर होती. मी थांबलो होतो, सलिल. मग मी तुझ्याकडे बघायचं सोडून रंगरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, काही खूण केली नाही. नुसते बघत होते. मला वाटलं, आता नाही मारला तर मी यांच्या नजरेतून उतरेन. म्हणून मारला. नियमाची आठवण मला नंतर झाली.

रंगरावांनी विचारलं, काय लिहिलंस. मी उभा राहून मोठ्याने वाचून दाखवलं. नम्रताने हातातली तलवार जमिनीवर ठेवली आणि लोखंडी हातमोजे काढायला घेतले. तिच्या बोटांना घाम आला होता, ते निघेनात, मी ओढून काढले. रंगराव पट्टा हातात धरून तसेच उभे होते. मग अगदी हळू म्हणाले, "मलाबी दिसला हुता." आणि पट्टा तिथेच ठेवून शेडमध्ये गेले. ते अजून बाहेर आलेले नाहीत. दार वाजवलं तर 'जा तू' एवढंच म्हणाले.

चिलखत उतरवून ठेवलं आहे. फोन परत घेतला, पण चालू केलेला नाही, कारण हे उत्तर हातानेच लिहायचं होतं. हेच पत्र घेऊन मी आज येतो आहे. आत्या दार उघडेल, तिच्या हातात ते देईन आणि जिन्यात थांबेन. पोलिसांकडे जायचं असेल तर मी माझ्या तोंडाने सगळं सांगेन, तुला काही बोलावं लागणार नाही. तुझ्या घरी गाडी घसरल्याचं सांगितलंयस, ते खोटं मी स्वतः यवतमाळला येऊन दुरुस्त करेन. माझ्या आईलाही आता आत्याने नाही, मीच सांगायला हवं. तू तोंड बघायचं नाही म्हणालास, तर जिन्यातूनच परत जाईन.

या पत्राला उत्तर द्यायचं तुझ्यावर कसलंही बंधन नाही.

दिग्विजय